गोंताच्या तोंडातलं लोखंड

सिंधू जपानात त्सुकुबाला नेमकं काय करते, हे तिच्या सासरच्यांना अजून कळलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिनेही ते कळू दिलेलं नाही. "एका क्लबमध्ये पार्टटाइम आहे," एवढंच ती फोनवर सांगते. क्लब म्हटल्यावर सासूबाईंच्या डोळ्यांपुढे टेनिस, गालिचे आणि कॉफीचे कप येतात. येईनात का बापडे. प्रत्यक्षात ही बाई आठवड्यातून चार दिवस सकाळी सातला सायकल काढते, भातखाचरांमधून त्सुकुबा डोंगराच्या दिशेने चाळीस मिनिटं पाय मारते आणि कुराता-सान यांच्या घोडेस्वारीच्या क्लबात सोळा घोड्यांची लीद काढते.

नवरा प्रसन्न सॉफ्टवेअर इंजिनिअर, पुण्याचा, स्वभावाने नावाप्रमाणेच. त्याची काही हरकत नव्हती. हरकत होती ती गणपतीला जमणाऱ्या मराठी मंडळींची. कुणाची बायको बँकेत, कुणाची शाळेत इंग्रजी शिकवते, आणि ही लीद काढते. एकीने नाक मुरडून विचारलंच, "अगं, पण वास नाही का येत?"

"येतो की," सिंधू म्हणाली. "म्हणून तर जाते."

बिचारीला वाटलं, सिंधू चेष्टा करतेय. पण सिंधू माथेरानची. जिथे मोटारी वर जात नाहीत आणि पाहुण्यांना घोड्यावर बसवून न्यावं लागतं, त्या गावातल्या पंढरीनाथ घोडेवाल्याची ही धाकटी मुलगी. त्यांच्या दारात चार घोडे. मुलींनी दाणापाणी करायचं, खरारा करायचा, पण लगाम हातात घ्यायचा नाही, असा आबांचा कायदा. संध्याकाळी गिऱ्हाईक संपलं की घोडे पाण्यावर न्यायचं काम मात्र सिंधूचं, आणि वळणापलीकडे गेलं की आबांचा कायदा संपायचा. ती उघड्या पाठीवर चढायची आणि पाण्यापर्यंत राणीसारखी जायची. पुढे कॉलेजसाठी पुणं, तिथे प्रसन्न, मग जपान. नऊ वर्षं झाली. पहिली पाच तिने फ्लॅटमध्ये बसून कचरा वेगवेगळ्या पिशव्यांत कसा भरायचा, एवढंच शिकण्यात घालवली. घोड्यांच्या क्लबाची जाहिरात तिला सुपरमार्केटच्या फळ्यावर दिसली, तेव्हा तिने तिथेच, कांद्यांच्या पिशवीसकट, फोन लावला.

तर त्या क्लबात गोंता होता.

गोंता म्हणजे जपानातल्या एका बोलीत द्वाड कार्टं. शर्यतीतून निवृत्त झालेला, काळसर तपकिरी, छाती दाराएवढी. शर्यतीच्या घोड्याला लहानपणापासून एकच धडा असतो, लगाम ताणला की पळ. तो धडा गोंता विसरायला तयार नव्हता. क्लबात येणारी माणसं म्हणजे निवृत्त मास्तर, दवाखान्यातल्या नर्सबाई, रविवारी हौस भागवणारे कारकून. ती घाबरून लगाम ओढायची आणि गोंता सुसाट सुटायचा. त्यावर उपाय म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी त्याच्या तोंडातलं लोखंड बदललं जायचं. घोड्याच्या तोंडात आडवी जाणारी ती दांडी, आपल्याकडचे जुने लोक तिला कडियाळं म्हणतात. आधी साधं, मग पिळाचं, मग लांब दांड्यांचं, मग हनुवटीखाली साखळी असलेलं. लोखंड जितकं कडक होत गेलं, तितका गोंता जोरात ओढत गेला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी चालला होता, पण ते तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही, सिंधूच्याही नाही.

एप्रिलमध्ये गोंताने नर्सबाईंना कुंपणावर पाडलं. मनगट मोडलं. त्या बिचाऱ्या उलट कुराता-सान यांचीच माफी मागून गेल्या, पण कुराता-सान यांचा चेहरा उतरला तो उतरलाच. सत्तरी ओलांडलेला, काडीसारखा, दिवसाला वीस वाक्यं बोलणारा माणूस. त्यांनी सगळ्यांना चहाला बसवलं आणि सांगितलं, "मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी गोंतासाठी ट्रक येईल."

ट्रक कुठे जातो हे कुणी विचारलं नाही. विचारायचं नसतं. ज्या घोड्यावर कुणी बसू शकत नाही, त्याला आयुष्यभर चारा घालणारा मालक सापडला तर नशीब, नाही तर त्याचं मांस होतं, हे चहा पिणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

आता इथे गप्प बसावं की नाही? लीद काढणाऱ्या बाईला कुणी सल्ला विचारला नव्हता. पण सिंधूच्या तोंडातून निघून गेलं, "आमच्याकडे एक लगाम आहे. माझ्या वडिलांचा. त्याने न थांबलेला घोडा मी पाहिलेला नाही."

कुराता-सान यांनी कप खाली ठेवला. "आणा," ते म्हणाले. "पण आमच्याकडचा रिवाज तुम्हाला माहीत आहे ना, सिंधू-सान? घोड्यासाठी नवं लोखंड जो निवडतो, त्यानेच आधी बसायचं."

दुसऱ्याच्या हाताने साप मारायचा नाही, असा तो रिवाज. सिंधू वीस वर्षांत घोड्यावर बसली नव्हती, आणि मधल्या काळात वजनही बरंच वाढलं होतं. तरी ती "हो" म्हणाली. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

आबा तर फोनवर खुलले. जपान्यांना आपला लगाम लागतो म्हणजे काय. प्रसन्नच्या ऑफिसातला केदार सुटीवर मुंबईला गेला होता, त्याच्या बॅगेतून आबांचं लोखंड आलं, भाजणीच्या आणि मेतकुटाच्या पिशव्यांमध्ये, फडक्यात गुंडाळून. विमानतळावर त्या बॅगेने केदारचे दोन तास खाल्ले. त्याबद्दल तो अजूनही सिंधूला ऐकवतो.

लोखंड गंजलेलं होतं. संध्याकाळी सिंधू ते स्वयंपाकघरात चिंच लावून घासायला बसली. आतल्या बाजूला काटे, दोन्ही गालांकडे चार-चार. असल्या काटेरी लगामाला आता कायद्याने बंदी आहे, पण खुंटीवर टांगलेल्या जुन्या वस्तूंना कायदा कुठे वाचता येतो. घासता घासता तिच्या लक्षात आलं की, डावीकडचे काटे बोथट झालेत आणि उजवीकडचे तसेच आहेत. आणि तिला राजा आठवला.

राजा हा आबांचा पांढरा घोडा. तो मान कायम डावीकडे वाकडी करून चालायचा. आबा म्हणायचे, डोक्यात गेलंय जनावर. ती बारावीत असताना त्यांनी तो विकून टाकला. राजाच्या तोंडाला संध्याकाळी गुलाबी फेस असायचा आणि तो तिने कित्येकदा स्वतःच्या ओढणीने पुसला होता. तेव्हा तिला वाटायचं, घोड्यांचा फेस असाच असतो.

मग सिंधूने जे केलं ते शहाण्या माणसाने करू नये. तिने ते खळखळून धुतलं, काटे बाहेरच्या बाजूला येतील असं फिरवलं, दातांमध्ये आडवं धरलं आणि दोन्ही कड्या मागे ओढल्या.

नेमका तेव्हाच प्रसन्न ऑफिसातून आला. बायको ओट्यापाशी उभी, तोंडात लोखंडी दांडी, डोळ्यांत पाणी. तो दारातच थबकला. "सिंधू, जेवायला काही आहे की मीही एक घेऊ?"

ती हसली नाही. दांडी काढून म्हणाली, "प्रसन्न, जीभ कुठे ठेवायची तेच कळत नाही रे. मागे ओढलं की जीभ चिरडते, म्हणून मी मान पुढे काढत होते. जोर लावत नव्हते. मी पळत होते."

काटे तर तिने बाहेरच ठेवले होते. नुसत्या दांडीची ही गत.

दुसऱ्या दिवशी तिने ते लोखंड कुराता-सान यांच्यापुढे ठेवलं आणि सांगितलं, की हे वापरायचं नाही, मी चूक सांगितली. सगळ्यांसमोर मारलेली बढाई सगळ्यांसमोर गिळायची म्हणजे तोंडात मारल्यासारखंच, पण तिने गिळली. कुराता-सान यांनी काट्यांवरून बोट फिरवलं. लगाम असलाच असणार याचा त्यांना बहुधा आधीच अंदाज होता, पण दुसरं काहीच उरलं नसल्याने तेही हे वापरून बघणार होते. तेवढं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"मग कुठलं?" त्यांनी विचारलं.

सिंधूला एक गोष्ट ठाऊक होती, जी क्लबातल्या स्वारांना ठाऊक नव्हती. गोंताची गव्हाण तीच झाडायची. तिथे अर्धवट चावलेल्या गवताचे गोळे पडलेले असायचे. बाकी पंधरा घोड्यांच्या गव्हाणीत नसायचे. वर्षभर तिने ते गोळे फावड्याने उचलून फेकले होते आणि एकदाही, एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं की हा असं का टाकतो. स्वतःचाच इतका राग आला तिला.

"तोंड बघू का त्याचं?" ती म्हणाली.

घोड्याच्या पुढच्या आणि मागच्या दातांमध्ये रिकामी जागा असते, लोखंड तिथेच बसतं. तिथे अंगठा घातला की जनावर तोंड उघडतं. गोंताने उघडलं. सिंधूने आत पाहिलं. जिभेवर आडवी चीर, एक भरलेली आणि एक ताजी. ओठांचे कोपरे सोललेले. आणि ती जीभ तरी केवढी, तोंडभर पसरलेली. टाळू बुटकी. जीभ आणि टाळू यांच्यामध्ये बोटसुद्धा जाईना. गोंताला आतापर्यंत घातलेलं साधं लोखंड मधोमध एकच सांधा असलेलं होतं. लगाम ओढला की तो सांधा टोकासारखा वर उठतो. बुटक्या टाळूत तो गेला असणार खिळ्यासारखा. तिने डब्यातली चॉपस्टिक त्याच्या तोंडात आडवी धरली, दोन्ही ओठांशी पेनाने खुणा केल्या आणि साखळीवालं लोखंड त्या खुणांवर ठेवलं. ते बोटभर आखूड निघालं. एवढ्या दांडग्या घोड्याला वर्षभर सगळे आखूड चपलांत चालवत होते.

कुराता-सान यांनी ती चॉपस्टिक हातात घेतली आणि लोखंड स्वतः पुन्हा खुणांवर ठेवून पाहिलं. पन्नास वर्षं घोड्यांत काढलेला माणूस. "मी बघायला हवं होतं," ते म्हणाले.

डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी दाढांच्या धारदार कडा कानशीने घासल्या आणि दहा दिवस तोंडात कुठलंही लोखंड घालायचं नाही असं बजावलं. सोमवार पंधरा दिवसांवर होता. दहा गेले की हातात उरणार पाच. ट्रकवाल्याला कुराता-सान यांनी नको म्हटलं नव्हतं. सिंधूने तसं विचारलंही, पण ते म्हणाले, "दुसरं मनगट मोडलं तर क्लब बंद होईल. सोळा घोड्यांचा प्रश्न आहे." माणूस वाईट नव्हता, त्याच्या डोक्यावर पंधरा घोडी आणखी होती.

त्या दहा दिवसांत सिंधू गोंताला नुसत्या दोरीने फिरवून आणायची, बांधावरून, कालव्यापर्यंत आणि परत. हा तोच घोडा का, असं वाटावं इतका तो शांत चालायचा.

आबांना सांगणं मात्र बाकी होतं. रविवारी व्हिडिओ कॉल लावला.

"आबा, तुमचा लगाम मी वापरणार नाही."

"का गं? गंजला का?"

"मी तोंडात धरून पाहिला."

"कुणाच्या?"

"माझ्या."

"लहानपणापासून अर्धवटच तू," पंढरीनाथ घोडेवाले म्हणाले. मग तापले. चाळीस वर्षं घोडी सांभाळतोय, आता तू मला शहाणपण शिकवणार का, वगैरे वगैरे. सिंधूने सगळं ऐकून घेतलं आणि मग डाव्या बाजूच्या काट्यांबद्दल सांगितलं. राजाचं नाव तिने घेतलं नाही. घ्यावं लागलंच नाही.

फोन चालू आहे की नाही, हे तिला दोनदा बघावं लागलं.

"त्याचं तोंड उघडून बघितलंच नव्हतं मी, सिंधे," ते शेवटी म्हणाले. "दोन फेऱ्यांच्या मध्ये बघायला वेळ कुठे असतो. माझा डावा हात जड होता." त्यांनी चष्मा काढून पुसला. "माझे आजोबा थंडीत लोखंड काखेत धरून गरम करायचे, मग घोड्याला द्यायचे. वर गुळाचं बोट. आम्ही हसायचो त्यांना. तू कर तसं. आणि ते माझं भंगारात टाक."

भंगारात टाक म्हणणं माथेरानला सोपं. त्सुकुबात न जळणाऱ्या कचऱ्याचा दिवस महिन्यातून ठरावीक, आणि काटेरी लोखंड कुठल्या पिशवीत घालायचं ते नगरपालिकेच्या तक्त्यातही सापडेना. शेवटी प्रसन्नने पुठ्ठ्यात गुंडाळून वर जपानीत 'धोका' लिहिलं, तेव्हा ते गेलं.

अकराव्या दिवशी सिंधूने क्लबातली जुन्या लोखंडांची पेटी उपसली. आधी तिने जाडजूड, रबर चढवलेलं निवडलं. मऊ असतं, लागणार नाही, असा आपला बाळबोध हिशेब. गोंताच्या तोंडात ते घातलं तर त्याचं तोंडच मिटेना. आधीच जीभ एवढी, त्यात हा सोटा. तो मान झटकायला लागला. एक दिवस वाया गेला. घरी मुलीने, नुपूरने, जपानीत काहीतरी विचारलं तर सिंधू तिच्यावर विनाकारण खेकसली आणि नंतर तिची समजूत काढत बसली.

बाराव्या दिवशी पेटीच्या तळाशी तीन तुकड्यांचं एक सापडलं. दोन बाजूंना बाकदार दांड्या आणि मध्ये घेवड्याच्या दाण्याएवढा गुळगुळीत तुकडा, म्हणजे टोक वर येणार नाही आणि जिभेला जागा राहील. फार जाड नाही, फार बारीक नाही. चॉपस्टिकच्या खुणांपेक्षा दोन्हीकडे किंचित बाहेर. साधं, कुणालाही फारसं न दिसणारं. तिने ते कुराता-सान यांना दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "रविवारी सकाळी सहा वाजता. सभासद यायच्या आत."

घोडामैदान जवळच होतं.

रविवारी सिंधूने लोखंड काखेत धरलं. मे महिन्यात काय थंडी असते, पण आबांनी सांगितलं होतं. गुळाचं बोट लावलं. गोंताने लोखंड तोंडात घेतलं, चघळलं, आणि तोंड मिटलं. कुराता-सान यांनी तिला चढायला हात दिला. उंच बसल्यावर तिला पहिल्यांदा खरी भीती वाटली. आपण पडू ही नव्हे. आपण पडलो, तर उद्याचा ट्रक आपल्यामुळे भरेल, ही.

दोन फेऱ्या चालत झाल्या. तिसऱ्या फेरीत कुंपणापलीकडे मोटारसायकल गेली आणि गोंताचे कान मागे झाले. सिंधूच्या हातांनी आपोआप लगाम ओढला. आबांचा जड हात तिच्याही मनगटात होता की. ओढल्याबरोबर गोंता सुटला. वाळू उडाली. कुंपणाचे खांब एकामागून एक गेले. कुराता-सान ओरडले नाहीत, ओरडून उपयोग नव्हता. आणि त्या धावेत सिंधूला स्वयंपाकघरातलं आपलं तोंड आठवलं. मी पळत होते. तिने जिवाच्या कराराने बोटं उघडली.

ओढायला समोर काहीच नाही म्हटल्यावर गोंताला काही कळेना. तो तसाच अर्धं मैदान गेला, मान पुढे काढून, कशाला तरी टेकू बघत. तिने हलकेच बोटं मिटली, पुन्हा उघडली. "हो रे, हो रे," ती मराठीत म्हणत होती, माथेरानच्या उतारावर म्हणायची तसंच. तिसऱ्यांदा बोटं मिटली तेव्हा तिला लगामातून गोंताचा जबडा हलताना जाणवला. तो चघळत होता. धाव तुटली, दुडकी झाली, दुडकीची चाल झाली, आणि मैदानाच्या मधोमध गोंता उभा राहिला. कुणी थांबवला म्हणून नाही, तर पळायचं कारण संपलं म्हणून.

तिने पुन्हा पळवला. पुन्हा थांबवला. पाच वेळा.

कुराता-सान आले. खिशातून फोन काढून कुंपणापाशी गेले आणि पाठ वळवून बोलायला लागले. सिंधूला शब्द ऐकू येत नव्हते, पण माणूस दिसत होता. म्हातारा फोनला वाकून नमस्कार करत होता. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा अगदी कमरेतून.

परत येऊन ते म्हणाले, "आयत्या वेळी नको म्हटलं, म्हणून ट्रकवाल्याची माफी मागितली. बराच रागावला."

सिंधू खाली उतरली. तिने आधी गोंताच्या डोक्यावरून पट्टे सोडवले, लोखंड काढलं, अंगठा तोंडात घातला आणि जीभ बाजूला करून पाहिली. नीट पाहिली, दोन्हीकडून, ओठांचे कोपरे उलटून. रक्ताचा ठिपकासुद्धा नव्हता. मग मात्र तिने गोंताच्या घामेजल्या मानेला कपाळ टेकलं आणि राजासाठी, गोंतासाठी, जे काय होतं त्या सगळ्यासाठी, पोटभर रडून घेतलं.